तेइजींच्या मागची रांग

देवळातली रोषणाई बघायला कुरोसे तेइजींनी बावीस मिनिटं काढली होती. बस सहा पन्नासला देवळाखाली पोचते, सात बाराला परत निघते, मधला वेळ मेपलच्या पानांचा. गावाच्या बससेवेत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा जीव मिनिटांतच अडकलेला होता.

"बावीस मिनिटांत काय होतंय हो?" बायको मिसाओ बसमध्येच कुरकुरली. "दर वर्षी तेच. मी मान वर करते तोवर तुमचं सुरू होतं, झालं बघून, चल. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदा तरी डोळे भरून बघू द्या की. उद्या दिवे काढतायत."

"पानं सगळी लालच असतात," तेइजी म्हणाले. "आणि पुढची बस सात चाळीसला. तोवर काय तिथे गारठत बसायचं?"

देवळाच्या फाटकातून आत शिरल्या शिरल्या मिसाओ "आलेच हं" म्हणून बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेली. तिथे ही भलीमोठी गर्दी. बावीस मिनिटांना पहिला सुरुंग तिथेच लागला. तेइजी चडफडत बाजूला झाले आणि वारा लागू नये म्हणून भिंतीतल्या एका लहानशा लाकडी दाराकडे तोंड करून उभे राहिले. दाराला कुलूप होतं आणि वर एक कंदील होता. त्याच्या उजेडात मनगटावरचं घड्याळ छान दिसत होतं.

थोड्या वेळाने एक म्हातारं जोडपं येऊन त्यांच्या पाठीशी थांबलं.

"रांग हीच ना?" म्हाताऱ्याने अदबीने विचारलं.

"हं," तेइजी म्हणाले.

आता 'हं' म्हणजे 'ऐकू आलं', एवढंच. आमच्या हिसागावात माणूस दिवसातून दोनशे वेळा 'हं' करतो, त्यातल्या फार तर दहांचा अर्थ 'होय' असतो. पण हे जोडपं बाहेरगावचं असावं. दोघं समाधानाने उभी राहिली. त्यांना बघून दोन मैत्रिणी थांबल्या, मैत्रिणींना बघून एक नवराबायको. तेइजींनी मागे वळून पाहिलं तर सहा माणसं एकामागे एक, अंतर राखून, गप्प उभी.

खरं म्हणजे त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं की बाबांनो, इथे काही नाही, मी बायकोची वाट बघतोय. पण म्हणजे त्या म्हाताऱ्याला चार लोकांदेखत मूर्ख ठरवायचं. शिवाय म्हातारीने तोवर पिशवीतून संत्रं काढून तेइजींच्या हातावर ठेवलं होतं. संत्रं खाऊन मग असं बोलायचं म्हणजे काय! बायको आली की आपण गुपचूप सटकू, असं त्यांनी ठरवलं.

बायको काही आली नाही. रांग मात्र वाढली. भिंतीच्या कडेने निघून ती कोपऱ्यावर वळली आणि पार दिसेनाशी झाली. मग दंडाला पट्टी बांधलेल्या स्वयंसेविका नाकाओकाबाई धावत आल्या. रांग दिसली की ती नीट लावायची, हा त्यांचा स्वभावच. त्यांनी दोरी बांधली, 'रांगेचं टोक इथे आहे' अशी पाटी शोधून शेवटच्या माणसाच्या हाती दिली आणि पुढे येऊन तेइजींना हळूच विचारलं, "इथे काय दाखवणार आहेत हो? आम्हाला कुणी बोललंच नाही."

"मलाही अजून काही सांगितलेलं नाही," तेइजी म्हणाले. हे तर खरंच होतं.

सात बाराची बस गेली. सात वीसला फोन वाजला.

"अहो, मी एका रांगेत उभी आहे," मिसाओ म्हणाली.

"कसल्या?"

"कोण जाणे. पण एवढी मोठी आहे म्हणजे काहीतरी असणारच की."

तेइजींनी फोनवर हात धरला. "अगं, त्याच रांगेत मी पुढे आहे. सगळ्यांत पुढे. तू ये इकडे."

"रांग मोडून? लाज नाही वाटत सांगायला?"

"मग मी मागे येतो."

"पहिला नंबर सोडून? लोक काय म्हणतील! उभे राहा तिथेच."

"अगं पण पुढे काही..." म्हातारी कौतुकाने त्यांच्याकडेच बघत होती. "...काही कळत नाहीये," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सात चाळीसची बसही गेली. तेवढ्यात म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्याला बोट लावलं. "मागून कळलंय," तो कुजबुजला. "सोन्याची मूर्ती आहे म्हणे आत. तेहेतीस वर्षांनी दार उघडतात."

"तेहेतीस?" तेइजींनी दाराकडे नीट पाहिलं. दार जुनं तर होतंच. कुलूपही दणकट होतं. गंमत बघा, ज्या माणसाला ही रांग कशी झाली हे पक्कं ठाऊक होतं, त्यानेही हळूच मफलर काढून त्याची घडी घातली आणि केसांवरून हात फिरवला. सोन्याच्या मूर्तीपुढे कसं उभं राहायचं, याचा ते विचार करू लागले.

पावणेआठला देवळाचे आचार्य किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. ऐंशी-पंच्याऐंशी माणसं त्यांना बघून एकदम कमरेत वाकली. आचार्यांनीही वाकून नमस्कार केला, रांगेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. ते बिचारे झाडू घ्यायला आले होते.

"बरीच मंडळी थांबलीयत," नाकाओकाबाई त्यांच्या कानाशी लागल्या.

"दिसतंय," आचार्य म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.

आत बांबूचे झाडू होते. एक हातगाडी होती आणि एक मोडकी शिडी. तेइजींच्या कानांच्या पाळ्या मेपलपेक्षा लाल झाल्या. आचार्य क्षणभर तसेच उभे राहिले. ऐंशी माणसांना हात हलवत परत पाठवायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. मग त्यांनी एक झाडू उचलला, दोन्ही हातांवर आडवा धरला आणि मान लववून तेइजींपुढे केला.

आता काय करायचं? तेइजींनीही दोन्ही हातांनी झाडू घेतला, वाकून नमस्कार केला आणि पायाशी पडलेली पानं तीनदा झाडली. "छान," आचार्य म्हणाले. तेइजींनी झाडू म्हाताऱ्याला दिला. म्हाताऱ्यानेही तीनदा झाडलं. म्हातारीची पाळी आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती हलकं वाटतंय हो," ती म्हणाली. मागच्यांनी माना डोलावल्या. एव्हाना आतले सगळे झाडू बाहेर आले होते, अंगण आपोआप स्वच्छ होत होतं आणि आचार्यांच्या चेहऱ्यावर मोठी शांती पसरली होती.

तेइजी तिथून निसटले ते थेट रांगेच्या टोकाला पोचले. टोक तळ्याच्या काठावर होतं. समोरची सगळी टेकडी उजळलेली, आणि पाण्यात तशीच दुसरी टेकडी उलटी. तिथे पाटी धरून मिसाओ उभी होती. गाल थंडीने लाल, पण चेहरा असा खुललेला की तेइजींना बघून बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

"अगं, तिथे नुसते झाडू होते," ते म्हणाले. "चूक माझीच. मी नुसता उभा होतो, आणि लोक..."

"माहितीय मला. मी बाहेर आले तेव्हाच पाहिलं तुम्हाला. मागे सहाच माणसं होती तुमच्या."

"मग हाक नाही मारायची?"

"मारली असती तर सात बाराच्या बसमध्ये बसले असते." मिसाओने पाटी दुसऱ्या हातात घेतली. "सहा माणसांसाठी तुम्ही किती थांबणार? म्हणून येणाऱ्यांना म्हटलं, रांग इकडे आहे हं, तुम्ही व्हा पुढे, मला काही घाई नाही. तासभर इथेच उभी आहे. काय सुख लागलं म्हणून सांगू!"

तेइजी तिच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं ज्या बाईला ते भोळी समजत होते, ती पाण्यातल्या पानांकडे बघत होती.

"म्हणजे ती मूर्तीची बातमी..."

"मी फक्त मूर्ती म्हटलं," मिसाओ म्हणाली. "सोन्याची पुढच्यांनी केली."