सहा बॅटऱ्या आणि एक बाक

बाकाचा पहिला स्क्रू पिळण्याआधी ड्रिल मशिनं जरा ताडून पाहावीत, एवढंच लोथार हेम्पेलनं शनिवारी सकाळी ठरवलं. यात आपलं काही चुकलं असं त्याला आजही वाटत नाही. (बायकोला वाटतं. पण तिनं कुठं लाइपझिगच्या वजनमापं खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत.)

एवढी वर्षं दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेण्यात गेल्यावर माणूस निवृत्त झाला तरी तो संशय निवृत्त होत नाही. लोथारनं तीन वर्षांपूर्वी सुतारकामाचा छंद धरला. त्यातून आजवर पक्ष्यांसाठी एक घरटं निर्माण झालं होतं. दोन चिमण्या ते बघून गेल्या आणि परत आल्या नाहीत. बाकी वेळ कुठली करवत कुठल्या करवतीपेक्षा सरस, याचा अभ्यास चालू होता.

बाकाच्या ओक लाकडाच्या फळ्या मात्र दोन उन्हाळे बागेतल्या खोपटात पडून होत्या. बायकोची, म्हणजे रोस्विथाची, थोरली बहीण एल्फ्रीडे गेरा शहराहून फोन करी, तेव्हा हटकून विचारी, "काय गं, तुझ्या नवऱ्याचं बाक अजून आडवंच आहे का?" आणि रोस्विथाही बहिणीबरोबर मनमुराद हसून घेई.

बुधवारी मात्र ती हसली नाही. "रविवारी तीन वाजता कॉफीला बागेत ये," ती फोनवर म्हणाली. "सफरचंदाच्या झाडाखाली बाक असेल. लोथारनं केलेलं."

लोथार स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोनं बहिणीसमोर आपली बाजू घेतल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला अगदी भरून आलं. अशा शब्दासाठी जे बाक करायचं ते कुठल्याही सोम्यागोम्या मशिननं करून चालणार नाही, असं त्याच्या मनानं तिथंच घेतलं.

बाग रेल्वे रुळांकडेला, भाड्याच्या शंभरेक बागांच्या वसाहतीत. तिथं वीज नाही, म्हणून सगळा कारभार बॅटरीवर. आणि आवाजाचे नियम असे, की दुपारी एक ते तीन मशिन बंद, शनिवारी सहानंतर बंद, रविवारी तर दिवसभर बंद. या नियमांवर मंडळाचे अध्यक्ष क्निटेल यांचा डोळा असे. ते हातात मोजपट्टी घेऊन लोकांच्या कुंपणांची उंची मोजत हिंडत.

तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. फळ्या वखारीतूनच कापून आलेल्या. चोवीस भोकं, चोवीस स्क्रू, तासाभराचं काम. रोस्विथा आलुबुखाराचा केक करायला घरी थांबली होती.

लोथारनं आपलं हिरवं मशिन एका टाकाऊ वाशावर नुसतं लावून पाहिलं. ते कण्हलं. कुंपणावरून लगेच शेजारच्या एगॉनचं डोकं वर आलं. एगॉन म्हणजे निवृत्त ट्रामचालक.

"त्यानं अंडी फेटतात, लोथार. तुझा तो ओक आहे, ऑम्लेट नव्हे."

"तुझं पिवळं काय मोठे दिवे लावतं ते बघू."

"आणतोच."

मशिनचा आवाज ऐकून समोरच्या बागेतले डॉक्टर व्हेटसेलही आले. ते दातांचे डॉक्टर. कुठंही ड्रिल फिरलं की त्यांची मान आपोआप तिकडे वळते. त्यांच्या हातात लाल मशिन होतं.

"तुम्ही दोघं आवाजावर जाताय," डॉक्टर म्हणाले. "खरा प्रश्न दम किती आहे हा. एका बॅटरीत किती स्क्रू?"

लोथारच्या अंगावर काटा आला. एका बॅटरीत किती स्क्रू! हे त्याला माहीतच नव्हतं. अशा अज्ञानात आपण बाक करायला निघालो होतो, याची त्याला लाज वाटली.

वासा तोच, स्क्रू तेच, बॅटरी भरलेली, आणि मशिन मान टाकेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं. आकडे टिपायला लोथारनं वही उघडली. हिरव्यानं त्रेचाळीस स्क्रू घेतले. पिवळ्यानं एकसष्ट. एगॉननं टोपी काढून इकडेतिकडे अभिवादन केलं. लालनं अठ्ठावन्न.

"तिथं गाठ होती," डॉक्टर म्हणाले.

"कुठं गाठ? तुमच्या पोटात?" एगॉननं विचारलं.

"लाकडात हो. वासा उलटा करा."

वासा उलटा करेपर्यंत एक वाजला. अध्यक्ष क्निटेल फाटकाशी येऊन नुसते उभे राहिले. मग तिघं दोन तास वाशाभोवती बसले आणि उन्हात बॅटरीचा जोर वाढतो की कमी होतो, यावर बोलले. भांडण म्हणता येणार नाही, कारण तिघांनाही मनापासून जाणून घ्यायचं होतं. लोथारला तर नोकरी लागल्या दिवसापासून इतकं सुख झालं नव्हतं.

तीनच्या ठोक्याला दुसऱ्या बॅटऱ्या बाहेर निघाल्या. या वेळी लाल चौसष्टवर गेलं, पिवळं साठावर आलं आणि हिरव्यानं सगळ्यांना चकित करत एकावन्न गाठले.

"म्हणजे पहिल्या खेपेला काहीतरी खोट होती," लोथार म्हणाला.

"किंवा दुसऱ्या," एगॉन म्हणाला.

"तिसरी फेरी घेतल्याशिवाय बोलणं अशास्त्रीय," डॉक्टर म्हणाले.

तिसरी फेरी घ्यायला बॅटरी नव्हती. सहाच्या सहा निजल्या होत्या. लोथारची नजर फळ्यांकडे गेली. त्यानं हिरवं मशिन उचलून ओकला लावलं. ते "कुं" म्हणालं आणि गप्प झालं. लालमध्ये थोडी धुगधुगी होती, तिनं एक भोक पडलं. चार्जर तिघांच्याही घरी, आणि घड्याळात सहाला पाच कमी.

"एगॉन, तुझं ते हातानं फिरवायचं गिरमिट?"

"पिवळं आणलं त्याच दिवशी भंगारात दिलं."

रोस्विथा टेबलक्लॉथ घेऊन आली तेव्हा एगॉन आणि डॉक्टर कुठं गेले ते कुणाला दिसलंही नाही, मशिनांच्या पेट्या मात्र मागेच राहिल्या. तीनशे सदतीस स्क्रूंचा तो वासा तिनं पाहिला. मग एका भोकाची फळी पाहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एकतीस वर्षांत एकदा तुझ्यासाठी शब्द दिला, लोथार," ती एवढंच म्हणाली.

रविवारी तीन वाजता सफरचंदाच्या झाडाखाली बाक होतं. म्हणजे तिघांच्या तीन पेट्या उभ्या केलेल्या, त्यांवर ओकची रुंद फळी, आणि वर पार गवतापर्यंत लोंबणारा रोस्विथाचा भरतकामाचा टेबलक्लॉथ. उंची बरोबर चव्वेचाळीस सेंटिमीटर. (ती लोथारनं दोनदा मोजली होती.)

एल्फ्रीडे आली. लोथारचा हात हातात घेऊन तिनं टेबलक्लॉथकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बस ना," रोस्विथा क्षीण आवाजात म्हणाली.

"थांब, गाडीतून एक वस्तू आणते."

ती दोन घडीच्या खुर्च्या घेऊन आली. एक तिनं स्वतःसाठी उघडली, एक बहिणीसाठी. "बुधवारी तुझा फोन खाली ठेवला आणि लगेच गाडीत टाकल्या," ती म्हणाली. रोस्विथानं खुर्चीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.

"माझ्यासाठी?" लोथारनं विचारलं.

"तुला कशाला? तुझ्याकडे बाक आहे की."

लोथार बसला. बरोबर मध्यावर, मधल्या पेटीच्या वर, श्वास धरून. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात केक. पाऊण तास त्यानं मानसुद्धा वळवली नाही, आणि बाकानंही त्याची अब्रू राखली. मग एल्फ्रीडेला वाशातले ते स्क्रू दिसले. कशाचे, म्हणून तिनं विचारलं, आणि रोस्विथानं सगळी हकिगत सांगितली.

"हो का?" एल्फ्रीडे पुढे झुकून म्हणाली. तिचे डोळे खरोखरच चमकले. "मग जिंकलं कोण?"

हा प्रश्न आजवर घरातल्या कुणीही लोथारला विचारला नव्हता. त्याला राहवलं नाही. आकडे दाखवण्यासाठी गवतातल्या वहीकडे तो मोठ्या हौसेनं डावीकडे वाकला, आणि डावीकडची पेटी आडवी झाली, फळी उभी झाली, टेबलक्लॉथ, कॉफी, केक आणि लोथार एकाच वेळी गवतात गेले.

"तसं अजून नक्की सांगता येत नाही," तो खालूनच म्हणाला.

रोस्विथानं आपली बशी आधीच उचलून धरली होती. तिनं घड्याळ पाहिलं आणि बहिणीकडे वळली.

"मी तीनचा शब्द दिला होता, एल्फ्रीडे," ती म्हणाली. "तीन वाजता बाक होतं."