फाटकाच्या अटी व शर्ती

बदलापूर पश्चिमेच्या 'लेक जिनिव्हा हाइट्स' या संकुलातील रहिवाशांना फाटक उघडता येते, परंतु लावता येत नाही, ही बाब गेल्या वर्षी प्रथम निदर्शनास आली. आमच्या संकुलात तळे नाही आणि जिनिव्हाही नाही. हाइट्स मात्र आहेत, आणि लिफ्ट बंद असली की त्या प्रकर्षाने जाणवतात. बिल्डरने दाखवलेला स्टेशनचा रस्ता अद्याप माहितीपत्रकातच असल्याने आम्ही सारे अनंता भोईर यांच्या शेतातून ये-जा करतो.

अनंताने कधी कुणाला अडवले नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की फाटक लावून जा. नाहीतर शेजारच्या तबेल्यातल्या म्हशी आत शिरतात आणि भाताची रोपे खातात. रोपे गेली की वर्षाचे भात गेले. त्याने तशी पाटीही लावली होती: 'कृपया फाटक लावावे.' ती कुणीही वाचली नाही. पाटी लुकलुकत नव्हती, वाजत नव्हती, तिच्या कोपऱ्यात लाल आकडासुद्धा नव्हता. मग ती महत्त्वाची आहे हे आम्ही ओळखायचे तरी कसे?

म्हशींनी पहिला वाफा फस्त केला तेव्हा अनंता आमचे सेक्रेटरी जितेश यांच्याकडे आला.

"काका, तुम्ही ग्रुपवर टाकायला पाहिजे होतं," जितेश म्हणाले.

"मी तुमच्या ग्रुपवर नाय."

"मग यात आमची काय चूक?"

अनंताने ऑनलाइन तक्रार करायचे ठरवले. संकेतस्थळाने आधी त्याला तो माणूस असल्याचे सिद्ध करायला सांगितले. ज्या चौकटींत झेब्रा क्रॉसिंग दिसते त्या निवडा, असा आदेश होता. अनंताचे सारे आयुष्य बदलापूर ते वांगणी एवढ्या टापूत गेलेले. त्याने रस्ता म्हणून खड्डे असलेल्या सगळ्या चौकटी निवडल्या, आणि तो माणूस नसल्याचा निर्वाळा त्याला मिळाला. मग ओटीपी आला. रेंज फक्त गच्चीवर, कॉम्प्युटर खाली. तो जिना उतरेपर्यंत ओटीपीची मुदत संपे. अखेरीस तक्रारीचा प्रकार निवडायची वेळ आली, तर पर्याय दोनच: 'पथदिवा बंद' आणि 'इतर (सध्या उपलब्ध नाही)'. अनंताने पथदिव्याची तक्रार केली. संकेतस्थळाने त्याला आमची सेवा कशी वाटली असे विचारले, आणि त्यानंतर महिनाभर त्याच्या फोनवर म्हशींच्या पेंडीच्या जाहिराती येत राहिल्या.

"येवरा तरास देतान, नि लोका गुमान सगला करतान?" त्याने लेकीला विचारले. लेक चिमी ऐरोलीच्या एका कंपनीत अशीच संकेतस्थळे बनवते.

"त्रास देतात म्हणूनच करतात," चिमी म्हणाली. "बाबा, तुम्ही साधं सांगता ना, तिथंच चुकतं. साधं सांगितलेलं कोण सिरियसली घेत नाय. थांबा, मी करते."

पुढच्या सोमवारी फाटकाचे आधुनिकीकरण झाले. मध्यभागी पिंपाचे हिरवे झाकण टांगले आणि त्यावर ठळक अक्षरात 'मान्य आहे' लिहिले. 'अमान्य' हेही लिहिले होते. पण ते शेणखताच्या खड्ड्यामागच्या दगडावर, खडूने, नखाएवढे. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर अनंताची आई बनूबाई बसली. तिने अटी मोठ्याने सांगायच्या आणि येणाऱ्याने झाकणावर थाप मारून 'मान्य' म्हणायचे, अशी पद्धत ठरली. बनूबाईंचा आवाज वारा अनुकूल असेल तर अंबरनाथपर्यंत जातो.

त्यानंतर माणूस असल्याचा पुरावा. समोर बांधलेल्या जनावरांतल्या सगळ्या शेळ्या बोटाने दाखवायच्या. एक शेळी खांबामागे अर्धी उभी असे. ती धरायची की नाही यावर आमच्याकडे दोन तट पडले, आणि सी विंगचे वकील तर तीनदा नापास होऊन घरी परतले. पुढे अनंताची बायको वेणू वांग्यांची टोपली घेऊन वाट अडवी. "तुम्हाला माहीत आहे का, तुमच्या भाजीत काय कमी आहे?" असे ती सुरू करी, आणि थोडे ऐकून झाल्यावरच बाजूला होई. जो आपणहून फाटक लावील त्याला यातले काहीही करावे लागणार नाही, असेही बनूबाई रोज सांगे. या सवलतीचा लाभ कुणीही घेतला नाही.

आता कुणाला वाटेल की रहिवासी भडकले असतील. छे! पाटीला न जुमानणारे आम्ही लोक फाटकाशी मुकाट्याने रांग लावू लागलो. जितेश म्हणाले, "आता कसं प्रोफेशनल वाटतं." अटींच्या ओघात नोटिफिकेशनलाही आम्ही परवानगी देऊन बसलो होतो, त्यामुळे भल्या पहाटे अनंता इमारतीखाली ओरडे, "बी विंग! काल्या शेलीला पिल्लू जाला! तुमच्या वलखीच्या लोकांना आवरला!" म्हणजे आवडले. डी विंगला हाक ऐकू येत नाही म्हणून त्यांनी लेखी नाराजी कळवली. उल्हासनगर कॅम्प पाचहून आमच्याकडे राहायला आलेली करिष्मा ऑनलाइन ड्रेस विकते. ती फाटकाशी रोज रील काढू लागली. "गाईज, आज बकरी ने मुझे रिजेक्ट केलंय! पण हम हार मानणार नाही हां!"

बनूबाईंच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. तिने तोंड उघडायच्या आतच लोक 'मान्य' म्हणत होते. कानात यंत्र, डोळे फोनमध्ये, हात झाकणावर. तिने गंमत म्हणून एक अट वाढवली, "मी म्हातारीचे पाय चेपीन." मान्य! "मी येरा हाय," म्हणजे वेडा आहे. मान्य, मान्य! म्हातारीला हुरूप आला. जुलै उजाडेपर्यंत तिच्या अटी अशा झाल्या होत्या: "या वाटंनी जानारा, येनारा, नुसता उबा ऱ्हानारा, मंग तो पोराबालांचा असो का येकटा, चपला हातान घेईल, कोंबऱ्यांना हुसकनार नाय, वेनूच्या वांग्यांना नावा ठेवनार नाय, पाऊस आला त मना घरान नेईल, नि तो, त्याच्या घरचे, नि लांब बसून या फाटकाची गोष्ट वाचनारे बी, येक दिस आमच्या आवनीला चिखलान उतरतील, नि शेलीला शेली म्हनतील, बकरी म्हननार नाय."

"मान्य!" आम्ही म्हणालो.

आवणी म्हणजे भाताची लावणी, आणि तीच अडली होती. अनंताची नेहमीची माणसे वांगणीकडच्या फार्महाऊसांवर पाहुण्यांना 'शेतीचा अनुभव' द्यायला गेली होती. रोपे वाढून चालली होती. दोन दिवसांत लावली नाहीत तर ती म्हशींनाच घालावी लागणार. अनंता बांधावर डोके धरून बसला, आणि सांगायलाच हवे, त्याच्याकडे पाहून वाईट वाटत होते.

"मानसा नायत कशी?" बनूबाई म्हणाली. "चार विंगा हायत."

रविवारी सकाळी अनंता रोपांच्या जुड्या घेऊन इमारतीखाली उभा राहिला. जितेश खाली आले.

"काका, आम्ही हे कधी मान्य केलं?"

"रोज," अनंता म्हणाला.

"प्रूफ आहे का?"

प्रूफ करिष्माकडे होते. तिच्या एकूण एक रीलमध्ये मागे बनूबाई आवणीची अट गर्जत होती आणि पुढे आमचा एकेक रहिवासी हसतमुखाने झाकणावर थाप मारत होता. जितेश तर अकरा रील्समध्ये होते.

"पण आजी, हे ऐकतं कोण?" जितेश कळवळून म्हणाले.

"मंग मान्य कनाला बोल्लास?" बनूबाईंनी विचारले.

 आम्ही पँटी दुमडल्या. वकीलसाहेब पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेले आणि त्यांची चप्पल तिथेच राहिली. ओळी अशा लागल्या की वेणू पदर तोंडात धरून हसत होती. कुणीतरी "हे स्किप होतं का?" असे विचारले, तेव्हा बनूबाईंनी त्याला आणखी एक जुडी दिली. पण संध्याकाळपर्यंत शेत लागले! वाकडेतिकडे, पण हिरवेगार.  अनंताने सगळ्यांना चहा दिला, करिष्माने त्या चहाची रील केली आणि आम्ही 'अस्सल अनुभव' अशी शिफारस लिहून, पाच तारे देऊन, चिखलाच्या पायांनी घरी निघालो.

फाटक उघडेच राहिले.

त्या रात्री तबेल्यातल्या म्हशींनी अर्धे शेत खाल्ले. अनंताला आता ते पुन्हा लावायचे आहे. शेजाऱ्यांनी त्याला रोपे दिली आहेत, माणसे मात्र नाहीत, कारण आम्ही आमचा एक दिवस भरून बसलो आहोत. पण अनंता यावेळी निर्धास्त आहे. बनूबाईंच्या त्या लांबलचक वाक्यात लांब बसून फाटकाची गोष्ट वाचणाऱ्यांचीही अट होती, आणि ते वाक्य ओलांडून तुम्ही इथवर आलात. तेव्हा तुम्ही काहीही हरकत घेतली नव्हती.

नाल्याकडचा पट्टा तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. याल तेव्हा तेवढे फाटक लावून घ्या.