धोंडूच्या जबड्याचा नकाशा

राष्ट्राच्या जीवनात काही प्रश्न असे येतात, की त्यांच्या निकालावर पिढ्यान्‌पिढ्यांचं भवितव्य अवलंबून असतं. लालबागच्या खोबरेकर चाळीतल्या धोंडू परबाची अक्कलदाढ हा त्यांतलाच एक प्रश्न होता. निदान चाळीच्या समितीचं तसं मत होतं. धोंडूचं मत कळायला मार्ग नव्हता, कारण त्याचा जबडा बोटभरापलीकडे उघडत नव्हता.

दिवस द्विभाषिक मुंबई राज्याचे. धोंडू गिरणीत साच्यावर कापड विणायचं काम करी, पण त्याचं खरं पद निराळं होतं. मोर्चात पहिली हाक त्याची. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ एवढं तो एकटा म्हणे आणि ‘झालाच पाहिजे’ हे बाकीचे म्हणत. रविवारी शिवाजी पार्कवर सभा होती. धोंडू गप्प राहिला तर ‘झालाच पाहिजे’ म्हणायला अख्खी चाळ होती. काय झालं पाहिजे, हे सांगणारं कुणी उरत नव्हतं.

म्हणून शेजारच्या कुशाबाने त्याला फणसवाडीतल्या दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टर तरुण, नवे आणि सावध. एक्स-रे फोटो काढल्याशिवाय दाढेला हात लावणार नाही म्हणाले. पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो कसाबसा निघाला. तो उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, दाढ आडवी आहे आणि तिचं मूळ नसेला चिकटल्यासारखं दिसतंय. काढताना नस दुखावली तर खालचा ओठ बधिर राहील. महिनाभर किंवा कायमचा. न काढावी तर ठणका आहेच. तेव्हा घरच्यांना विचारून उद्या सांगा.

लालबागमध्ये घरच्यांना विचारा म्हटलं की किती माणसं जमतात, याची डॉक्टरांना कल्पना नव्हती.

संध्याकाळी चाळीतल्याच व्यायामशाळेत सभा भरली. अध्यक्षस्थानी नाना. ते म्युनिसिपालिटीच्या रस्तेखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे असल्या कागदांवर त्यांचा अधिकार निर्विवाद. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला. गेली दोन वर्षं चाळीने नकाशाखेरीज दुसरं चित्र निरखून पाहिलेलं नव्हतं. साहजिकच सगळ्यांना नकाशाच दिसला.

“नाना, कोपऱ्यात हे टिंब कसलं?” कुशाबाने विचारलं.

असल्या फिल्मवर सुलटी बाजू कळावी म्हणून ते टिंब कारखान्यातूनच येतं. पण नानांनी आयुष्यभर नकाशे पाहिले होते.

“टिंब म्हणजे राजधानी,” ते म्हणाले.

“म्हणजे मुंबई?”

“दुसरी कुठली असणार?”

मुंबई पार उजव्या कोपऱ्यात होती. समुद्रापासून तोडून तिला थेट पूर्वेला नेऊन टाकलेलं चाळीने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. हे दिल्लीचं काम, असं मागून कोणीतरी म्हणालं. नानांनी फोटो उलटा केला. मुंबई पश्चिम किनाऱ्यावर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्याबरोबर दाढही या बाजूची त्या बाजूला गेली, पण तो आता किरकोळ तपशील होता.

पुढचं सोपं गेलं. नस म्हणजे नदी, यावर दुमत नव्हतं. ती नर्मदा की तापी, यावर थोडी खडाजंगी झाली. दाढेचं मूळ नदीला जाऊन भिडलं होतं. जिथवर मूळ तिथवर आपला मुलूख, असा मुद्दा कुशाबाने मांडला आणि नानांनी तो नोंदवून घेतला. ओठाचं काय, असं कोणीतरी विचारलं. ओठ हा सीमाभाग असल्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे करायचं ठरलं.

मधल्या काळात धोंडूने गालाकडे बोट नेण्यासाठी हात उचलला.

“हात खाली ठेव धोंडू. मतदान अजून व्हायचंय.”

मग ठराव आला. जे निसर्गतः संयुक्त आहे ते वेगळं करणं समितीच्या धोरणात बसत नाही. सबब राज्यस्थापना होईपर्यंत दाढ जागच्या जागी राहावी. नानांनी हात वर करायला सांगितलं. धोंडूने गाल दाखवायला पुन्हा हात उचलला. तो अनुकूल मतांत धरण्यात आला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

इतक्यात धोंडूची आई, राधाबाई, लवंग घेऊन आली.

“खंयच्या बाजूक ठेवू रे?”

नाना म्हणाले, नकाशाप्रमाणे उजवीकडे. कुशाबा म्हणाला, पण मघाशी डावीकडे होती.

हसू नका, वाचकहो. इथवर आपणही तो फोटो चांगला निरखून पाहिलात. मुंबई किनाऱ्याला लागली तेव्हा आपल्यालाही बरं वाटलं असेल. धोंडूची कुठली दाढ दुखते, हे मध्ये एकदा तरी विचारावंसं वाटलं का?

धोंडूने आईच्या हातातली लवंग घेतली आणि कुठल्याशा गालात ठेवली. बाहेर गॅलरीत ठरावाचा जल्लोष सुरू झाला होता. पहिली हाक कोण देणार म्हणून सगळे त्याच्याकडे वळले.

“नाना,” तो दातांतून म्हणाला, “घोषणा जरा हळू द्याल का?”