राखेखालची जीप

भाड्याची जीप परत करण्याआधी ती धुऊन द्यावी, ही अवदसा मोहनरावांना आठवली तेव्हा त्यांच्या दिंद्रुड गावात पाण्याचा शेवटचा टँकर येऊन अकरा दिवस झाले होते. पुतण्याच्या साखरपुड्याला धारूरला एस.टी.नं जाणं दूध संघाच्या माजी अध्यक्षाला शोभत नाही, म्हणून ही जीप त्यांनी परळीच्या शिवशरणकडून दोन दिवसांसाठी आणली होती. विजेच्या कारखान्याच्या राखेमुळे परळीत गाड्यांचे रंग फक्त कागदावर उरलेले असतात. ही जीपही टपापासून चाकापर्यंत राखाडी होती, आणि 'गाडीला कुठंही पोचा नाही' या कागदावर मोहनरावांनी न वाकता, न बघता सही ठोकली होती.

"आवं, पिपातलं पानी कुनी काढलं?" त्यांची बायको सत्यभामा आतून ओरडली.

"आमी. नेली त्याहून चांगली करून द्यावी मानसानं. नावाचा सवाल हाय."

"मानसं आंगुळीबिगर बसल्यात, अन् तुमी जीपीला न्हाऊ घाला!"

मोहनरावांनी सोडा टाकून काथ्यानं जीप खसाखसा घासली. राख गेली. राखेमागोमाग स्वस्तातला पांढरा रंगही जागोजाग निघाला, आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यात भरलेली पुट्टी गळून तिथं परातीएवढा पोचा उघडा पडला. करायला गेले गणपती आणि झालं माकड!

परळीत शिवशरणनं जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"मोहनराव, गाडी धुतली कावून?"

"कावून म्हंजे? चांगुलपना!"

"असल्या दुष्काळात? काई लपवायचं असल्याबिगर कुनी गाडी धुवत न्हाई. हा पोचा भरून द्यावा लागंल."

"पोचा जुना हाय! राखंत दिसला न्हाई."

"सही कुनाची हाय?"

समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली. मोहनरावांचा आवाज चढला. "आजवर ह्या मोहनरावाकडं कुनी बोट दाखवलं न्हाई! दुसऱ्याचं पाप आमी कावून भरावं?" असं म्हणत ते पोच्यापाशी बसले आणि किल्लीनं खरवडू लागले. "हे बघा, गंज! दोन दिवसांत चढतो का गंज?"

गंजाशेजारचा रंगाचा पापुद्रा सुटला. खाली निळी अक्षरं होती, 'सहकारी दूध संघ'.

मोहनरावांचा हात तिथंच थांबला. ही तर संघाचीच जीप! नव्या दूध केंद्राच्या उद्घाटनाला ती स्वतः हाकायची हौस तेव्हाच्या अध्यक्षांना, मोहनरावांनाच आली होती, आणि फाटकाचा खांबही अध्यक्षांनीच गाठला होता. बैठकीत मात्र 'ड्रायव्हरने ठोकली' असा ठराव झाला. ड्रायव्हर त्रिंबकची नोकरी गेली आणि तो बायकोला घेऊन ऊसतोडीला लागला. पुढं दुष्काळात जनावरं छावणीवर गेली, दूध आटलं, संघ बुडाला, जीप लिलावात निघाली. मोहनरावांना फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत आपल्याला त्रिंबकची एकदाही आठवण झाली नाही, याचं तर जास्तच वाटलं.

तोवर शिवशरणही वाकून पाहत होता. "खरंय की! लई जुना गंज हाय. माफ करा मोहनराव, तुमचा काईच दोष न्हाई."

"हाय."

"आं?"

"पैसे घ्या."

"आवो, गंज हाय म्हन्लं ना!"

"मंग गंजाचे बी घ्या!"

आता भांडण उलट्या बाजूनं जुंपलं. घेणारा नको म्हणतोय आणि देणारा अंगावर धावून जातोय, असा तमाशा परळीच्या बाजारात कुणी पाहिला नव्हता. मोहनराव नोटा कोंबायचे, शिवशरण खिसा दाबून मागं सरायचा. शेवटी बिचारा दमला आणि त्यानं पावतीपुस्तक काढलं.

"पोचा कुनाच्या हातनं पडला, काय लिवू?"

"दूध संघाच्या अध्यक्षाच्या."

"मंग डायवर कुठं होता?"

मोहनरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"शेजारीच बसलता. 'सायेब, ब्रेक दाबा, ब्रेक' म्हनून बोंबलत होता. तेवडं बी लिवा," ते म्हणाले. "अन् अक्षर जरा ठळक काढा. पावती त्रिंबकला न्यायचीय."