रंगनाथ सलोत्री आणि दोन एडके

पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला आपण नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर पीकपाणी विचारतो. रंगनाथमामा विचारायचे, "तुमच्या गोठ्यात कोण कोणाजवळ बसतं?"

हा प्रश्न त्यांनी पटवाऱ्याला विचारला होता, मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारला होता, आणि तपासणीला आलेल्या एका बड्या अंमलदारालाही विचारला होता. माझ्या चुलतबहिणीसाठी आम्ही वाटूरला एक मुलगा बघायला गेलो, तेव्हा मामा सोबत होते. मानपानाचं बोलणं अगदी रंगात आलेलं असताना त्यांनी मुलाच्या बापाला विचारलं, की दारातल्या दोन म्हशींपैकी लंगडी कोणीकडे तोंड करून रवंथ करते? त्या गृहस्थांना काही सांगता येईना. परतीच्या वाटेवर मामांनी निकाल दिला, "स्थळ बराबर हाय. पण त्या घरात बघणारं माणूस न्हाई." लग्न त्याच घरात झालं. बहीण सुखात आहे, पण नवी साडी नेसली तरी तिकडे कोणाचं लक्ष जात नाही ही तिची तक्रार आजही आहे.

ही निजामाच्या अमलातली, पोलीस ॲक्शनच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. तीर्थपुरीकडे जनावरांचा एक सरकारी दवाखाना होता आणि मामा तिथले सलोत्री, म्हणजे ढोरांचे डॉक्टर. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. मी गावच्या शाळेत मास्तर होतो, आणि थोडं उर्दू, थोडं संस्कृत आल्यामुळे जगातलं बरंचसं आपल्याला कळलंय अशी माझी समजूत होती.

मामा कोणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. अंगात फिनेलचा वास मारणारी काळी शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी आणि खिशात पेंडीचा तुकडा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे, स्वतःच्या हाताने भाकरी थापायचे. लग्नाचं विचारलं की समोर असेल त्या जनावराचं तोंड उघडून दात मोजायला लागत. आम्ही तरुण मंडळी मुद्दाम विचारायचो. आमच्या बैलाचे दात मामांनी एका वर्षात नऊ वेळा मोजले असतील.

एकदा त्यांनी मला दवाखान्याच्या माळ्याला शिडी लावून वर चढवलं. वळचणीला कबुतराचं घरटं होतं. त्यातली दोन्ही कबुतरं नर आहेत, असं मामांचं म्हणणं. दोघांनी मिळून काड्या आणल्या, घरटं केलं आणि पाळीपाळीने रिकाम्या घरट्यावर बसून राहिले. शेवटी मामांनाच राहवलं नाही. दुसऱ्या एका घरट्यात दोन अंडी होती, त्यातलं एक उचलून त्यांनी इथे ठेवलं. आता त्यातून पिल्लू निघालं होतं. मी शिडीवर उभा राहून बघत होतो, तर एक नर आला, पिल्लाची चोच आपल्या चोचीत घेतली आणि गळ्यातून दुधासारखं काहीतरी त्याला भरवलं. थोड्या वेळाने दुसऱ्यानेही तेच केलं. खालून मामा हळू आवाजात सांगत होते, की कबुतरांत बापालाही दूध फुटतं. माझ्या पायांना मुंग्या आल्या तरी मला खाली उतरवेना. आपण इतकी वर्षं कबुतरं बघतो, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काहीसुद्धा माहीत नाही, याची मला त्या शिडीवर लाजही वाटली आणि आनंदही झाला.

मामांचा मुद्दा एवढाच असे. गाय गाईवर चढते, टोणगा टोणग्याच्या मागे लागतो, हे प्रत्येक कास्तकार बघतो. बघतो, हसतो आणि दगड मारतो. थांबून कोणी बघत नाही.

आमच्या घरी तो थांबून बघण्याचा प्रसंग आला तो एडक्यामुळे. आमच्याकडे साठेक मेंढ्या होत्या आणि त्यांच्यासाठी सुभेदार नावाचा एक एडका. सुभेदार म्हातारा झाला, म्हणून वडिलांनी, म्हणजे गावचे पाटील असलेल्या दादांनी, जालन्याच्या बाजारातून एक जवान एडका आणला. काय छाती, काय शिंगं! आमच्या खंडू धनगराने त्याचं नाव नवरदेव ठेवलं. पण महिना झाला तरी नवरदेवाचं मेंढ्यांकडे लक्ष जाईना. दादांनी मामांना बोलावलं.

मामांनी युक्ती सांगितली. गेरू तेलात कालवून नवरदेवाच्या छातीला फासायचा. रात्रीतून तो जिच्यावर गेला असेल तिची पाठ सकाळी लाल दिसेल. खंडूने बोट बोट जाडीचा गेरू फासला. सकाळी साठच्या साठ मेंढ्या स्वच्छ. लाल झाली होती ती सुभेदाराची पाठ.

खंडू म्हणाला, रात्री दोघांची टक्कर झाली असणार. दादा म्हणाले, गेरू खोटा असणार. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून गेरू आणला. सुभेदार पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशी खंडूने नवरदेवाची दृष्ट काढली आणि गळ्यात लिंबू-मिरची बांधली. सुभेदार लाल तर झालाच, वर ती लिंबू-मिरचीही त्यानेच खाल्ली.

चौथ्या दिवशी पहाटे फटफटल्यावर मी स्वतः वाघुरीजवळ, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीजवळ, जाऊन उभा राहिलो. हसायला मिळेल म्हणूनच गेल्तो, खोटं कशाला सांगू. नवरदेव सुभेदाराच्या बाजूला आला, मान खाली घातली, तिरपी केली, पुढचा एक पाय हलकेच उचलून त्याच्या अंगाला लावला आणि घशातून इतका मऊ घुमारा काढला, की तेवढ्या मोठ्या जनावरात एवढा नाजूक आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. भोवती साठ मेंढ्या होत्या. त्याला त्या दिसतच नव्हत्या. दवाखान्यातून अंधारातच निघालेले मामा माझ्या शेजारी कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी टोपी नीट केली, देवळात करावी तशी.

"हे त्याला कोणी शिकवलं, मास्तर?" ते म्हणाले. "आईच्या पोटातूनच घेऊन आला असंल. रक्तात असंल, का डोक्यात असंल, मला ठावं न्हाई. पण वीस वर्षांपासून बघून राह्यलो. दर कळपात एखादा असतोच."

मी हसायचं विसरलो.

पण गावाने सुभेदाराची पाठ बघितली होती. आमच्याकडे एडक्याला लाल रंग दिसला की माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रस्सा येतो. दर्ग्याला नवस बोलून कापायच्या जनावराला असाच रंग लावतात आणि मग गावाला मटणाचं जेवण होतं. त्याला कंदुरी म्हणतात, आणि ती हिंदू-मुसलमान सगळे करतात. मेंढ्या पाण्यावर गेल्या तेव्हा पाटलांचा एडका लाल दिसला, आणि संध्याकाळपर्यंत सात जण दादांना विचारून गेले, कंदुरी कधी आहे? आठव्याने पातेली कोणाची आणायची ते ठरवूनही टाकलं. दादा पडले शब्दाला जपणारे. नवस नव्हता म्हणावं, तर मग रंग कशाचा हे सांगावं लागणार. ते सांगण्यापेक्षा त्यांनी जाहीर केलं, की कंदुरी गुरुवारी. आणि सुभेदार नाही, नवरदेव कापायचा. नाहीतरी तो कामाचा नाही.

मी बुधवारी दुपारी मामांना निरोप धाडला. ते तसेच उन्हातून चालत आले. अंगणात दादा बाजेवर बसले होते, गावातले चार जण भोवती होते. दादा मनाचे वाईट नव्हते. उमदं जनावर कापायला त्यांचंही मन होत नव्हतं. त्यांनी वाट काढून ठेवली होती.

"नवसाला आजारी जनावर चालत न्हाई," दादा म्हणाले. "सलोत्री, तुम्ही सरकारी माणूस. हा बीमार हाय म्हणून चौघांपुढं सांगा. मी सोडून देतो."

मी सुटकेचा श्वास टाकला. एका शब्दाचं काम होतं. मामांनी नवरदेवाच्या पापण्या उलटून बघितल्या, पोट चाचपलं, खूर बघितले, छातीवर हात ठेवून श्वास मोजले. फार वेळ लावला. मग उभे राहिले.

"बीमार न्हाई," ते म्हणाले.

त्यांना कळलं नसावं असं वाटून मी मागून खुणा केल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे कळलं होतं.

"बिलकुल ठणठणीत हाय, पाटील. त्याला काईच झालेलं न्हाई."

"मंग उद्या कापावा लागंल," दादा म्हणाले.

मामांनी टोपी काढली. त्या टोपीशिवाय त्यांना गावात कोणी कधी बघितलं नव्हतं. विरळ पांढरे केस घामाने डोक्याला चिकटले होते. टोपी त्यांनी दादांच्या पायाशी ठेवली आणि एडका मागितला. वीस वर्षांत त्यांनी आमच्या घरून ताकाचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. दादा गडबडून उठले, टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि घेऊन जा म्हणाले. मामा जागचे हलले नाहीत. सुभेदारही हवा होता. एकट्याला नेऊन काय करू, असं त्यांचं म्हणणं. दादांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, मग खंडूला दोघांनाही सोडायला सांगितलं आणि कंदुरीसाठी बोकड शोधायला माणूस पाठवला. गावाला रस्सा मिळाला, गावाची तक्रार नव्हती.

एडके पोचवायला मी मामांबरोबर निघालो. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना कापूस होता. सुभेदाराची दोरी माझ्या हातात होती आणि नवरदेव दोरीशिवायच त्याच्या अंगाला अंग लावून चालत होता. मला राहवेना. बीमार म्हटलं असतं तर एवढ्या लोकांपुढं टोपी उतरवायची पाळी आली नसती, असं मी जरा रागानेच बोललो.

मामांनी एडक्यांकडे बघतच सांगितलं. अठराव्या वर्षी त्यांचा एका दोस्तावर जीव जडला होता. तो डाक वाहणारा हरकारा होता. घरच्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मामांना आधी एका हकिमाकडे नेलं, मग देवऋष्याकडे, मग गोदावरीकाठच्या एका वैद्याकडे. भस्म खाऊ घातलं, उपाशी ठेवलं, दोनदा सोयरीक ठरवली. दोस्ताचं लगीन त्याच्या घरच्यांनी लावून दिलं आणि त्याला परभणीकडे धाडलं. त्यानंतर त्याची काही खबर नाही.

"तिघांनीबी माझी नाडी बघितली, मास्तर. तिघांनीबी बीमार म्हणून सांगितलं. मी तर ठणठणीत होतो. आता माझ्या हातात नाडी आली, तर तोच शब्द मी या मुक्या जनावराला कसा लावू? त्याला वाचवायसाठी बी तो शब्द माझ्या तोंडातून निघाला न्हाई."

मला बैलाचे ते नऊ वेळा मोजलेले दात आठवले आणि स्वतःची शरम वाटली. जगातलं बरंचसं कळलेल्या मला त्या वेळी बोलायला दोनच वाक्यं सापडली.

"मामा, तुम्हाला तवा काई झालं नव्हतं. आत्ताबी काई झालेलं न्हाई."

मामा वाटेतच थांबले. दोन्ही एडके चार पावलं पुढे जाऊन थांबले. मामांनी टोपीच्या गोंड्याने डोळे पुसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"अजून एकदा म्हणा, मास्तर," ते म्हणाले. "आजवर कोणी म्हटलं न्हाई."

मी अजून एकदा म्हणालो.