चांदणीचे कान

घोडं काय म्हणतं ते मला कळतं! २००४ च्या एप्रिलात हे वाक्य मी आमच्या जवळा बाजार गावात निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल. पुण्याला शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. अबोल लेकराला घोड्याजवळ न्यायचं, घोड्याचे कान, मान, शेपटी वाचायची, की लेकरू हळूहळू मोकळं होतं. प्रमाणपत्राला मी लॅमिनेशनही करून आणलं.

माझा भाचा आयुष पाच वर्षांचा. साखऱ्याहून इकडं राहायला आल्यापासून सहा महिने त्यानं तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. माझी बहीण पल्लवी रोज रडायची.

"दादा, एकदा त्यानं आई म्हणावं रे."

"आठ दिवसांत भाषण ठोकंल!" मी म्हणालो.

गावात घोडी एकच, खेमाची चांदणी. वरातीची.

"सर, तिला नवरदेवाचीच सवय हाय," खेमा म्हणाला.

"शिबिर तू केलंस का मी?"

खेमा चांदणीला घेऊन आला.

ऊन रणरणत होतं. मी लाल टॉवेल डोक्याला गुंडाळला. आयुषनं तो ओढून काढला. मी परत बांधला. त्यानं परत ओढला आणि चांदणीच्या कानांकडं बोट दाखवलं.

"लेकरू भिऊन राहिलंय," मी पल्लवीला समजावलं आणि टॉवेल घट्ट बांधला.

चांदणीचे कान ताठ झाले. "हा विश्वास!" मी अर्थ सांगितला. तिनं पाय आपटला. "ही मैत्री!" लेकराची भीती जावी म्हणून मी स्वतः वर बसलो आणि शिबिरात शिकवल्याप्रमाणे संथ टाळ्या वाजवल्या.

झालं! विश्वास, मैत्री आणि मला घेऊन चांदणी नाचत सुटली! भर आठवडी बाजारातून, कोथिंबिरीच्या ढिगावरून, थेट मारुतीच्या देवळासमोर. लग्नाआधी नवरदेवाला तिथंच नेतात. डोक्याला लाल बांधलेला माणूस आणि ताल, एवढंच तिला ठाऊक.

"अगं बाई! सर दुसरं लगीन करून राहिले काय?" भाजीवाल्या नीलाबाई ओरडल्या.

"नीलाबाई, हा उपचार आहे!"

"व्हय? पुनमबाईला म्हाईत हाय का?"

माझी बायको पुनम पिशवी घेऊन मागंच उभी होती. तिच्या नाकपुड्या मात्र मला शिबिराशिवाय बराबर वाचता आल्या.

मी उतरायला पाय उचलला की चांदणी पुढचे दोन उचलायची. खेमा धापा टाकत आला. "सर, नारळ फुटल्याबिगर ती उतरू देत न्हाई!"

नारळ पुनमनंच फोडला. जरा जोरातच फोडला. चांदणी शहाण्यासारखी उभी राहिली.

एवढ्यात पल्लवी आयुषला कडेवर घेऊन पळत आली. पोरगं खदाखदा हसत होतं! माझ्याकडं बोट करून ते ठणठणीत आवाजात म्हणालं, "आई, मामाला काईच कळत न्हाई!"

पल्लवी तिथंच पायरीवर बसली. "दादा, आई म्हणाला! आई म्हणाला रे!" खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

पुढं महिनाभर आयुष दिवसभर बोलत होता. विषय तेवढा त्यानं बदलला नाही.