मुसंडेशेठ आणि चवीनुसार साखर

बाळांनो, आधी एक विचारतो. भरवसा कुणावर ठेवावा? जो तुम्हाला जेवायला बोलावतो त्याच्यावर, की जो तुमच्याआधी पातेल्यात चमचा घालून चाखतो त्याच्यावर? घाई नको. मांडी घालून बसा, चुळबुळ थांबवा आणि ऐका.

एका जंगलात किराणा मालाचं एकच दुकान होतं. ते मुसंडेशेठ नावाच्या रानडुकराचं. गोल पोट, बारीक डोळे, आणि बाहेर आलेल्या एका सुळ्याला अडकवलेला दोऱ्याचा गुंडा, पुड्या बांधायला. 'आमच्याकडे नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. अस्वलानं एकदा कंगवा मागितला. शेठनी साळिंदराचे गळालेले काटे एका काडीत ओवून दिले. अस्वल आजही भांग पाडतं.

आता तुम्ही विचाराल, वाघांच्या जंगलात डुकराचं दुकान टिकतं कसं? तर तिथं एक रिवाज होता. सकाळी दुकानाच्या फळ्या उघडल्यापासून संध्याकाळी त्या लागेपर्यंत ओट्यावर कुणी कुणाला खायचं नाही. हा रिवाज उगाच पडला नव्हता. मागचा दुकानदार हरीण होता. त्याला गिऱ्हाइकानंच खाल्लं, आणि तेही अळणी, कारण मीठ कुठल्या डब्यात आहे हे एकट्या हरणालाच ठाऊक होतं. पुढं दोन महिने सगळं जंगल अळणी जेवलं. मग सभा झाली.

फळ्या लागल्यावर शेठ काय करायचे? धूम ठोकायचे. दुकानापासून घरच्या करवंदीच्या जाळीपर्यंत, एका दमात.

एके दिवशी दुपारी पट्टेवहिनी आल्या. होती वाघीणच, पण दुकानात सगळ्या वहिनीच असतात. हातात यादी होती.

"शेठ, आज सासूबाई येतायत. पलीकडच्या जंगलातनं. सोबत बिबटेभावजी."

"वा, वा. मग बेत काय?"

"गोड-आंबट डुक्कर. घरच्या घरी."

शेठच्या हातातली डाळीची पुडी सुटली.

"मागच्या खेपेला म्हणाल्या, आमच्याकडे कुणी बाहेरचं आणत नाही, सगळं घरी करतात," वहिनी सांगत होत्या. "आता हे ऐकून घ्यायचं का मी?"

"छे, अजिबात नाही," शेठ म्हणाले. गिऱ्हाइकाच्या सासूविषयी दुकानदारानं नेहमी असंच बोलावं.

यादीत व्हिनेगर होतं, टोमॅटो सॉस होता, मक्याचं पीठ, ढोबळी मिरची, अननस. कृती साळुंकीबाईंची. त्या रोज दुपारी जांभळाच्या फांदीवर बसून नवी पाककृती सांगायच्या आणि खालच्या फांद्यांवर पाचशे पाखरं माना डोलवायची. स्वतः साळुंकीबाई किडे खायच्या. कच्चे.

यादीतली शेवटची ओळ अशी: 'डुक्कर, अर्धा किलो. थोडी चरबी असलेलं. सुपारीएवढे तुकडे.'

शेठनी ती दोनदा वाचली. जंगलातली बाकीची डुकरं कालच, कृती ऐकल्याबरोबर, नदीपलीकडे निघून गेली होती. शेठही निघणार होते. पण गुळाची गाडी यायची होती, आणि माल उतरवून घेतल्याशिवाय त्यांचा पाय निघेना.

"जंगलात ताजं डुक्कर आता एकच दिसतंय," वहिनी फार नम्रपणे म्हणाल्या. "आत्ता नाही हो म्हणत. रिवाज म्हणजे रिवाज. मी इथंच ओट्यावर चूल मांडून रस्सा करते. फळ्या लागल्या की आपण सोबतच निघू."

दारातच वाघीण बसल्यावर धूम ठोकणार कुठून? शेठनी मुकाट्यानं पातेलं काढून दिलं.

व्हिनेगर पडलं, सॉस पडला, अननसाचा वास सुटला.

"साखर किती?" शेठनी विचारलं.

"साळुंकीबाई म्हणाल्या, चवीनुसार."

वहिनींनी मूठभर साखर घातली. चाखलं. आभाळाकडे बघितलं. आणखी दोन मुठी घातल्या. पुन्हा चाखलं, पुन्हा आभाळ. असं करत दोन किलो साखर गेली आणि चेहऱ्यावर काही उमटेना.

"वहिनी, गोड लागतंय का?"

"लागतंय की."

"किती?"

"असतं तेवढं."

शेठ वीस वर्षं त्या गादीवर बसले होते. वाघांच्या घरी मीठ जातं, हळद जाते, साखर मात्र आजवर कधी गेली नव्हती. बिबट्यांकडेही नाही. कुठल्या घरात काय खपत नाही, हे दुकानदाराइतकं कुणाला ठाऊक असतं?

ते हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला गोड कळत नाही."

वहिनींची शेपटी खाली गेली. "हळू बोला, शेठ. माहेरी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. सगळ्या वाघांत मी एकटीच अशी निघाले."

बाळांनो, त्या जातीत कुणाच्याच जिभेला गोड कळत नाही. पण प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच, म्हणून कुणी बोलत नाही. शेठना हे आता उमगलं होतं.

"द्या चमचा," एवढंच म्हणाले.

मग काय विचारता. शेठनी चाखलं, म्हणाले गोड झालं, व्हिनेगर घाला. पुन्हा चाखलं, म्हणाले आंबट झालं, साखर घाला. गोड, आंबट, गोड, आंबट, पातेलं भरलं, घंगाळ आणलं, घंगाळ भरलं, हंडा आणला. वहिनी धावताहेत, शेठ चाखताहेत, वर माकडं 'थोडं आलं घाला, थोडं आलं घाला' करताहेत. सूर्य झाडामागं गेला तेव्हा शेठनी शेवटचा घोट घेतला आणि डोळे मिटले. जमलं होतं. आपण ज्यात शिजणार तो रस्सा इतका सुंदर झालाय, याचा त्यांना अभिमान वाटला. मग आठवलं, तुकडे अजून पडायचे होते.

"चला, फळ्या लावा," वहिनी म्हणाल्या.

"लावतो. पण एक सांगा. मी हंड्यात गेलो आणि सासूबाईंनी विचारलं, सूनबाई, गोड जरा कमी का? तर काय सांगाल?"

वहिनी खाली बसल्या.

"मला शेजारी बसवा," शेठ म्हणाले. "मी चाखेन, मान हलवेन, तुम्ही तसं बोला."

"आणि तुकडे कसले घालू?"

"कच्चा फणस आहे. मक्याच्या पिठात घोळवून कडक तळला तर फणसालासुद्धा वाटतं, आपण डुक्कर आहोत."

"आणि त्यांना कळलं तर?"

"तर मी शेजारी आहेच. अर्धा किलोऐवजी सगळाच."

सौदा पटला. "पण बिलात डुक्करच लिहा," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई बिल बघतात." शेठचा हात थबकला. वीस वर्षांत खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. मान खाली घालून त्यांनी लिहिलं: डुक्कर, अर्धा किलो.

पंगत वाघांच्या गुहेत. तिथं ओटा नाही, रिवाज नाही. शेठ चारही पाय दाराकडे वळवून बसले.

सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. चावला. फार वेळ चावला. मग एक डोळा उघडून भावजींकडे बघितलं. भावजींनी ताटाकडे बघितलं.

"गोड..." सासूबाई म्हणाल्या. शेठ दाराकडे सरकले. "गोड बेताचं आहे. मला असंच लागतं."

"मलाही," भावजी घाईघाईनं म्हणाले. "लहानपणापासून."

"मांस मात्र रेषारेषांचं आहे."

"रानातलं आहे ना, फिरतं असतं," शेठ म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्यातलंच का कुणी?"

"लांबचं नातं."

"वाईट वाटलं असेल."

"चव घेतल्यावर नाही वाटलं."

सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "साखर किती घातलीस गं?"

"चवीनुसार," वहिनी म्हणाल्या, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सासूसमोर मान ताठ केली.

झालं. महिनाभरात सगळ्या गुहांमधून मागणी आली. प्रत्येक पंगतीला चाखायला मुसंडेशेठ. फणस पुरेना, म्हणून नदीपलीकडची डुकरं परत आली आणि दुकानात फणस सोलायला बसली. दारावर पाटी लागली: 'येथे ताजे डुक्कर मिळेल.' पाटीखाली बसून शेठ स्वतः तोलून द्यायचे. जितकं डुक्कर खपायचं, तितकी जंगलात डुकरं वाढायची. एवढे हुशार वाघ, पण एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तात्पर्य: आपल्याला जे कळत नाही ते चारचौघांत कधीही कबूल करू नये. खरं बोलल्यानं एका डुकराचा जीव जातो आणि एका सासूची अब्रू जाते. फक्त बाळांनो, मोठेपणी दुकान टाकाल तेव्हा माझं एवढं ऐका. वही तपासून शिल्लक डुकरं मोजायला एखादा करखात्याचा साहेब कधीतरी येतोच. तेव्हा वहीत फणसाला फणसच लिहा.